हळू बोला, तूर निजलीय

आमच्या घरमालकांइतका सावकाश माणूस तेलगावात आजवर झाला नाही आणि पुढेही होईल असं वाटत नाही. समोरून एस.टी. सुटली तरी ते तिच्यामागे धावत नाहीत. "जाऊ द्या, दुसरी यील की," म्हणून फाट्यावर बसकण मारतात आणि दुसरीही त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जाते. "आलोच" म्हणून उठले की त्यांच्यासाठी ओतलेला चहा गुमान पातेल्यात परत ओतून ठेवायचा, हे आम्ही भाडेकरू म्हणून राहायला गेल्यावर आठवड्याभरातच शिकलो. मी तिथल्या बँकेच्या शाखेत. आमच्या मिस्टरांची शाळा गेवराईकडं, त्यामुळे ते उजाडायच्या आत मोटरसायकलला किक मारायचे. मुलगी शिकायला पुण्यात. म्हणजे घरात माणसं दोन आणि दोघंही पायाला भिंगरी बांधलेली. अशा घराच्या नशिबी असा घरमालक यावा, हा देवाचा चावटपणाच म्हणायचा.

पहिल्याच सकाळी मी घाईघाईत कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तसे मालक त्यांच्या ओसरीवरून उठले. आमच्या दारापर्यंत पोचेस्तोवर आणखी दोन झाल्या. दारात उभं राहून त्यांनी एखाद्याच्या घरात मारामारी चाललेली पाहावी तशी कुकरकडं नजर टाकली आणि मला म्हणाले, "मॅडम, कावून छळताय त्या डाळीला? ती शिजली न्हाई, भ्याली! भिऊन मऊ पडणं येगळं आन शिजणं येगळं." मला नऊची वेळ गाठायची होती. मी म्हटलं, "मालक, मला भ्यालेलीच चालते." ते खिन्नपणे मान हलवत परत गेले. त्या दिवशीची आमटी खाताना मला उगीचच अपराधी वाटत राहिलं, काय सांगायचं!

त्यांची स्वतःची पद्धत अशी. ओसरीवर एक लोखंडी पेटी होती, मालकीणबाईंच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या माहेरून लग्नात आलेली, झाकणावर दोन मोर रंगवलेली. मालकांनी एक दिवस काकूंना न विचारता त्यातली लुगडी काढून दोरीवर टाकली आणि पेटीत गच्च कापूस भरला. कापूसही चांगला नव्हे, फरदडीचा, म्हणजे शेवटच्या वेचणीचा, ज्याला व्यापारी नाक मुरडतो तो. मधोमध दोन पातेल्यांपुरतं घरटं केलं. भिजवलेली डाळ गॅसवर चांगली खळखळून उकळली की झाकण लावून पातेलं त्या घरट्यात, वर कापसाची उशी, त्यावर गोधडी, मोरांचं झाकण आणि झाकणावर पाटा. मग शेतात जा, बँकेत जा, कुठंही जा. दुपारी येऊन उघडलं की डाळ आपली मऊसूत, वाफाळती, तळाला न लागलेली. गॅस वाचतो, हे ते शेवटी, सहज म्हणून सांगायचे. त्यांचा मुद्दा वेगळा होता. "अन्न शिजवायचं नसतं मॅडम, निजवायचं असतं. निजलं की ते आपलं आपण शिजतं."

हा 'निजवणे' शब्द त्यांनी इतका मनावर घेतला होता की पेटीजवळ कोणी मोठ्यानं बोललं तरी ते ओठावर बोट ठेवत. "हळू बोला, तूर निजलीय." सकाळी विचारावं, "मालक, आज काय?" तर उत्तर यायचं, "हुलगे निजवलेत. जड झोपंचे हायेत, चारशिवाय उठायचे न्हाईत." झाकण मधेच उघडून बघणाऱ्याला तर त्यांच्या लेखी क्षमा नव्हती. निवडणुकीच्या दिवसांत एक वजनदार पुढारी मतं मागायला आले आणि ओसरीवर बसायला दुसरं काही दिसेना म्हणून पाटा खाली ठेवून सरळ पेटीवर टेकले. मालक हात जोडून म्हणाले, "सायेब, उठा. तुमच्या खाली मटकी निजलीय." साहेबांना वाटलं विरोधकांनी काहीतरी शिकवून ठेवलंय. ते ताडकन उठले ते थेट गाडीत जाऊन बसले. आमच्या जिल्ह्यात बसलेल्या पुढाऱ्याला एका वाक्यात उठवलेला हा एकच माणूस असेल, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. तो पाटा पुन्हा जागेवर ठेवण्यात गुंतला होता.

पुढे पुढे मीच हरले. आमचंही एक पातेलं त्या घरट्यात जाऊ लागलं. मी सकाळी उकळी आणून द्यायची, मालकांनी निजवायचं. एवढ्यावर थांबतील तर ते मालक कसले! बँकेत ऐन गर्दीत त्यांचा फोन आला. हात नोटांत अडकलेले, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला, आणि सगळ्या शाखेला ऐकू गेलं: "मॅडम, काळजी करू नका. तुमचं निजलंय. पेटीत घातलंय, वर दोन गोधड्या टाकल्यात, झाकण लावून पाटा ठेवलाय. आता हूं की चूं न्हाई!" शेजारच्या काउंटरवर नुकतीच बदली होऊन आलेली मुलगी होती. तिच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. रांगेतल्या एका आजीनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई, लेकराला? पेटीत?" मी म्हटलं, "आजी, लेकरू नाही, वरण आहे." पण तोवर मॅनेजरसाहेब केबिनबाहेर आले होते आणि मला म्हणत होते, "मॅडम, तुम्ही आधी घरी जा, रजेचं मी बघतो." घरी जाऊन मी मालकांवर तोंडसुख घेणार होते, पण पेटी उघडल्यावर जो वास आला त्यानं माझा सगळा राग पळाला.

तर असा हा सावकाश गडी. पण एका गोष्टीची त्याला खरी घाई होती, आणि सगळा खटाटोप त्याच्यापायीच चालला होता. काकू आत भाकरी थापत असताना त्यांनी ती मला एकदा हळूच सांगितली. "मॅडम, लगीन झाल्यापासून ही एकदा बी मह्यासंगं जेवाय बसली न्हाई. मी जेवतो तवा ही तव्यापाशी. ही जेवती तवा मी आडवा. आदी सासू-सासरे होते, मग लेकरं होती, समजू शकतो. आता पोरगं संभाजीनगरला, पोरगी सासरी. घरात माणसं दोन आन पंगती बी दोन! हे काय बरं दिसतंय का?" या माणसाची मी रोज चेष्टा करत होते, आणि त्याला हवं होतं ते एवढंसंच, हे ऐकून मला भडभडून आलं.

अडचण होती भाकरीची. डाळ निजते, उसळ निजते, भाकरी काही केल्या निजत नाही. आणि काकूंचा हट्ट असा की भाकरी तव्यावरून ताटात पडली पाहिजे, मधे वाऱ्यालासुद्धा थारा नाही. "तुमची पेटी घाला चुलीत," त्या म्हणायच्या. "गार भाकर वाढायला मी काय पाव्हणी हाय व्हय?" मालकांनी एकदा सकाळच्या भाकरी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवून पाहिल्या. दुपारी काढल्या तर त्यांना घाम फुटलेला. काकूंनी एक उचलून बघितली, "हिला ताप आलाय," म्हणाल्या आणि सगळ्या गाईपुढं टाकल्या. गाईनं हुंगल्या आणि मालकांकडं असं काही बघितलं की ते दोन दिवस गोठ्याकडं फिरकले नाहीत.

मग एका रविवारी काकू बायकांबरोबर कापूस वेचायला गेल्या आणि मालक गुडघा धरून घरी राहिले. काकूंची पाठ वळली आणि गुडघा बरा झाला. त्यांनी गिरणीतून ज्वारी जाडसर भरडून आणली होती. कण्या करायच्या होत्या! गिरणीवाल्यानं म्हणे काळजीनं विचारलंही होतं, "कोन आजारी हाय का?" एका पातेल्यात कण्या, दुसऱ्यात अंबाडी घातलेली डाळ, दोन्ही निजवली. मग आम्हा नवराबायकोला बोलावलं. "तुमी जेवायचं न्हाई. नुसतं ओसरीवर बसायचं. परकं माणूस दिसलं की ती भांडत न्हाई." आणि एवढं करून गड्यानं स्वयंपाकघराला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

काकू दुपारी आल्या, उन्हानं लाल झालेल्या. हातपाय धुऊन आत निघाल्या तर दाराला कुलूप. "अवं, किल्ली द्या. भाकरी टाकते."

"आज भाकर न्हाई. कण्या हायेत."

"कण्या? दुष्काळ पडलाय का घरात?"

"जवारीच हाय ना? भाकरीचं पीठ दळलं न्हाई एवढंच. बस तू."

काकूंनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही छताकडं पाहिलं. मालकांनी पाटा काढला, मोरांचं झाकण उघडलं, आणि वाफ अशी आली की मीच उठून ताट घ्यायला निघाले होते. मिस्टरांनी हाताला धरून बसवलं. दोन ताटं समोरासमोर मांडलेली होती. काकू बसल्या, पण एक गुडघा उभा धरून, कधीही उठता येईल अशा. "मीठ आणते." मीठ ताटाशेजारी होतं. "पाणी..." तांब्या भरलेला होता. "ठेचा?" ठेचाही होता, कांदा फोडलेला होता, ताकसुद्धा होतं. उठायला आता काही कारणच उरलं नाही. मग त्यांनी तो गुडघा हळूच खाली टेकवला आणि पहिला घास घेतला. मला त्या वेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, खरंच.

दोघं जेवू लागली, पण बोलेना कुणीच. समोरासमोर बसून काय बोलतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मालक आपले बायकोकडं टक लावून बघत होते, पहिल्यांदाच बघितल्यासारखे. मग म्हणाले,

"तू डाव्या अंगानंच चावतीस व्हय गं?"

"मंग? उजवीकडल्या दाढा कवाच गेल्या की."

"कवा?"

"झाली की लई वरसं. तुमी कापूस घालाय परळीला गेलता तवा."

"मला बोलली न्हाईस?"

काकू सहज म्हणाल्या, "कवा बोलायचं? मी जेवताना तुमी कुठं असता?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, जे होतं ते सांगितलं होतं. मालकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी पातेलं जवळ ओढलं, कडेच्या कण्या बाजूला सारल्या आणि मधल्या, सगळ्यात मऊ झालेल्या, काकूंच्या ताटात वाढल्या. आम्ही दोघं चप्पल हातात घेऊन आवाज न करता आमच्या खोलीत आलो.

आता आमची बदली झाली. नव्या गावातही एका जुन्या सुटकेसमध्ये कापूस भरून मी घरटं केलंय, पण निजवणारा हात नाही म्हणून की काय, तशी चव येत नाही. परवा न राहवून मालकांना फोन लावला. काकू रात्रीच्या भाकरी अजून तव्यापाशीच बसून करतात म्हणाले, पण दुपारची पंगत एकच. "आता सकाळी जरा लवकरच निजवतो मॅडम," ते सांगू लागले. "डाव्या अंगाला बी आता दाढा थोड्याच ऱ्हायल्यात तिच्या. लई मऊ लागतंय." आणखीही बरंच सांगायचं होतं त्यांना; त्यांचा फोन म्हणजे तासाची निश्चिंती. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "अवं, या की! मी बसलीय कवाची."

"ठेवतो मॅडम, ती बसलीय," एवढं बोलून त्या माणसानं, ज्यानं आजवर कशाचीही घाई केली नाही, माझं उत्तर न ऐकताच फोन कट केला.