तापलेलं रोटरी इंजिन

शहागडजवळ तापलेल्या ट्रकचा वास आला आणि मी ज्याचा मेकॅनिक होतो ते छोटं विमान आठवलं. त्याचं रोटरी इंजिन सुरू केलं की एक्झॉस्टचं तापमान भराभर चढायचं. प्लग बदलले, टायमिंग तपासलं, फरक नाही. थकून गेलो, तेव्हा हवेच्या नळीला बारीक चीर सापडली. तिथून जादा हवा शिरत होती, त्या मानानं इंधन कमी पडून इंजिन तापत होतं. मी नळी बदलली.

वैमानिक सुधाकर माझ्याच गावचा, धावड्याचा. म्हणाला, "मंग जल्दी उडवू का?"

"न्हाई. उद्या आधी जमिनीवर चालवू. माझे डोळे मिटून राह्यले."

तो रागानं पाठ फिरवून निघून गेला. दोस्त गमावला, असं वाटलं. सकाळी चालवलं, तर तापमान पुन्हा चढलं. नळीचा दुसरा जोडही फाटला होता. सुधाकरनं स्वतःच पाना उचलून माझ्या हातात दिला.

आज त्याच्याच नातीच्या बारशाला चाललोय.