खिडकीवरचा पिवळा कागद

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, पोराजवळ नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही दुसरंच मागत आलो. मन हलकं करायला सांगतो आहे असं समजू नका. माझं मन काही जड नाही. दोन वेळा जेवतो, झोप लागते, बांधावर अजून स्वतःच्या पायानं जातो. मग काहून सांगतो? खरं विचाराल तर मलाही नीट माहीत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण आमच्या दिघोरी गावात मला कोणी अडाणी म्हणत नाही, ‘कंपनीवाले’ म्हणून हाक मारतात. नागपूरकडे एका कारखान्यात बरीच वर्षं काढली. रेडिओ-टीव्हीच्या पोटात ती हिरवी पाटी असते ना, सर्किट बोर्ड — ती तिथं व्हायची. ट्यूब, पंखे, दारं-खिडक्या, या सगळ्याची देखभाल माझ्याकडे.

त्या कारखान्यात एक पिवळी खोली होती. ट्यूबवर पिवळी नळी, खिडकीवर जाड पिवळा कागद. कागद म्हणजे प्लास्टिकच, पण आम्ही कागद म्हणायचो. काम असं, की तांब्याच्या पाटीवर एका शाईचा पातळ थर द्यायचा आणि वाळवायचा. साहेब त्या शाईला रेझिस्ट म्हणत. वाळल्यावर वर नकाशाची निगेटिव्ह ठेवून तेज दिव्याखाली धरायचं. जिथं उजेड लागला तिथली शाई पक्की होते. बाकीची सोड्याच्या पाण्यात धुऊन जाते. मग तेजाब उघडं तांबं खाऊन टाकतो आणि शाईखालच्या रेघा राहतात. पिवळा उजेड त्या शाईला दिसत नाही, म्हणून खोली पिवळी. पांढरा उजेड चुकून जरी आत आला तर सगळी पाटीच पक्की होऊन बसते. धुतली तरी काही निघत नाही.

शाई लावायचं काम श्रावणकडे होतं. श्रावण माझा साळा, कोंढा गावचा, माझ्या बायकोचा, गिरजाचा, लहान भाऊ. मीच त्याला तिथं लावून दिला होता. त्याचा हात फार चांगला होता. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात. त्या वर्षी आमच्या नाटकातल्या दिव्याचा पिवळा कागद तालमीतच जळाला. पानठेल्यावर तीच गोष्ट चालली होती. मी म्हणालो, आमच्या कंपनीत असा कागद आहे की दिव्यावर ठेवा, जळणार नाही. कोणीतरी बोललं, "कंपनी तुहीच हाये का गा?" सगळे हसले.

बस. तेवढं हसणं मला पुरलं.

स्टोअरमध्ये तो कागद शिल्लक होता. मागितला असता तर मिळालाही असता. पण स्टोअरवाला माझ्यापेक्षा लहान, कोणी काही मागितलं की खुर्चीतून मान वर न करता उभं ठेवायचा. त्याच्यापुढे मी उभा राहू? नाही राहिलो. मंडईसाठी सुट्टीवर निघायच्या दिवशी, जेवायच्या वेळी खोली रिकामी होती, तेव्हा खिडकीवरचाच कागद काढला. त्याच्या जागी सजावटीच्या दुकानातला पिवळा जिलेटीन कागद लावला. डोळ्याला फरक नव्हता. मागं सरकून दोनदा पाहिलं — पिवळं ते पिवळं. चोरी म्हणाल? मी परत आणणारच होतो. आणि आणला. वाईट त्यातूनच झालं.

नाटक छान झालं. राजा सोन्यासारखा दिसला. मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती.

कामावर परत आलो तर श्रावण गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर वाट पाहत उभा. तोंड उतरलेलं. एका मोठ्या ऑर्डरच्या पाट्या वाया गेल्या होत्या. मला म्हणाला, "भाऊजी, मले वाटते खिडकीतून उजेड येऊन राह्यला. कागद पिवळाच दिसते, पण मन काही मानून नाही राह्यलं. तुमी साहेबाले सांगा ना. तुमचं ऐकते थो."

त्या वेळी खरा कागद माझ्या थैलीतच होता, गुंडाळी करून. मी म्हणालो, "पाहतो मी." आणि पाहिलंच. दुपारच्या आत कागद जागेवर लावला. मग साहेबाला मीच खिडकीशी नेलं. त्यानं एक पाटी तिथं ठेवून पाहिली. स्वच्छ धुतली गेली. खिडकी निर्दोष.

आता ऐका. इथपर्यंत मी भित्रा होतो, चोर होतो, म्हणा काय म्हणायचं ते. पण साहेबानं मला आत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं — त्या खोलीत साफसफाईसाठी एक पांढरी ट्यूब आहे, ती श्रावण कामात लावतो का? माहीत नाही म्हणालो असतो तर चाललं असतं. कोणी मला जोर केला नव्हता. मी म्हणालो, हो साहेब. ट्यूब चालू ठेवून झोपतो, मागं मीच एकदा बंद केली.

का म्हणालो? घाबरून? खिडकीवरून साहेबाचं लक्ष उठावं म्हणून? ते तर उठलंच होतं. तरी म्हणालो.

बाहेर येऊन श्रावणच्या खांद्यावर हात ठेवला. तुझ्यासाठी खूप भांडलो गा, म्हटलं, साहेब ऐकून नाही राहिला. त्याला काढून टाकलं.

घरी गिरजाला सांगितलं की साहेबानं त्याला झोपलेला पकडला. श्रावणनं तिच्यापुढे शपथ घेतली की मी झोपलो नाही. तिनं नवऱ्याचं खरं धरलं. नंतरही ती दरवर्षी भाऊबीजेला त्याला ओवाळायची, पण पहिल्यासारखी त्याची थट्टा करायची नाही. आणि कोंढ्यात त्याला चिडवायला लोकांना निमित्त मिळालं. "श्रावण, बत्ती इझवली का गा?" तो हसायचा. दुसरी नोकरी त्यानं पाहिली नाही, धानाच्या शेतीतच राहिला.

या वर्षी त्याची नात पेढे घेऊन आली. श्रावणही सोबत होता. पोरीला परराज्यात, चिप बनवायच्या कारखान्यात शिकायला घेतलं आहे. ओसरीवर बसून श्रावणला सांगत होती, "आबाजी, काम तुमच्या शाईचंच. फक्त तांब्याच्या पाटीऐवजी सिलिकॉनची चकती, अन् रेघा केसाहून कितीतरी बारीक." तिथंही पिवळी खोली असते म्हणाली. पण नुसतं डोळ्याला पिवळं दिसून भागत नाही. पिवळ्यातूनही नको तो उजेड गळून आत येऊ शकतो, तो यंत्रानं तपासतात.

श्रावण म्हणाला, "मले तवाच वाटलं होतं, खिडकीचंच काही तरी हाये. पण भाऊजीनं सोता पाह्यली होती. मंग मीच गप बसलो." मग नातीकडे वळून, "माह्यासाठी साहेबासंगं भांडले हे. नाही तं कोन भांडते?"

मी पेढा तोंडात ठेवला. पोरीनं पाया पडून घेतलं.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो की दोन्ही कागद पिवळेच होते, कोण जाणे, श्रावण खरंच झोपला असेल. पोरीच्या बोलण्यानं ते गेलं. पण ते मला यंदाच कळलं, असं म्हणायची सोय नाही. साहेबाला खिडकीशी नेण्याआधी मी कागद परत लावला होता. ज्याला माहीत नसतं तो आधी कागद बदलत नाही.

आता उरलेलं.

गिरजा जायच्या आधी काही दिवस अंथरुणावर होती. भर दुपार, पोरगा शेतावर गेलेला, सून पाणी भरायला. मी तिच्या पायाशी बसलो होतो. तिनं डोळे उघडून विचारलं, "अवो, श्रावण खरंच झोपला होता का?"

मी म्हणालो, "हो."

तिनं हळूच मान हलवली आणि कूस बदलली.

घरात तेव्हा तिसरं कोणी नव्हतं. साहेब नव्हता, पानठेल्यावरचे हसणारे नव्हते. ऐकायला फक्त ती होती. मला कशाचीच भीती नव्हती, आणि मी हो म्हणालो.