कोल्ह्याचं तोंड आणि काशीचं भात

चि. वसंतास अनेक आशीर्वाद. आधी सांग, वहिनींचा गुडघा जिना चढू देतो का? सूनबाईंचं पित्त शांत झालं का? धाकटीला दात आले, की अजून नुसतीच लाळ? आणि तुझं पोट? त्याची चौकशी तू स्वतः करत नाहीस, म्हणून मी करतो. आम्ही इथे पुण्यात ठीक आहोत.

तुम्ही सगळे लोणावळ्याकडे यायचं म्हणताय. मी नुकताच जाऊन आलो, तेव्हा तिकडची हकीकत कळवतो, उपयोगी पडेल.

खंडाळ्याला बंगला असलेले रावसाहेब हे आमच्या कापडदुकानाचं जुनं गिऱ्हाईक. "हवा खायला या," म्हणून किती वर्षं मागे लागले होते. त्यातच कार्ल्याहून धाकट्या बहिणीचा, काशीचा, निरोप आला: खाचरात पाणी ठरत नाही, येऊन बघ. म्हटलं, हवाही खाऊ आणि पाणीही बघू. भाद्रपदात निघालो.

स्टेशनाबाहेर टांग्याचं भाडं बसण्याआधी ठरवा. बसल्यावर घोडा म्हातारा होतो आणि चढ वाढतो. बंगल्यात हवा पोटभर मिळाली, जेवण मात्र बेताचं. निजायच्या खोलीत पलंगासमोर भिंतीवर पेंढा भरलेलं कोल्ह्याचं मुंडकं होतं. गेल्या वर्षी कोल्हेकुईनं बंगलेवाल्यांची झोप मोडत होती, म्हणून सगळ्यांनी मिळून शिकारी आणला. तो घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंत फिरला आणि मुलूख साफ करून गेला.

"सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसणं भाग्याचं म्हणतात ना?" रावसाहेब म्हणाले. "मी रोजचीच सोय करून टाकली."

मीही मान डोलावली. पाहुण्यानं दुसरं काय करावं!

दुसऱ्या दिवशी माळवलीला उतरून पायी कार्ल्याला गेलो. वहाणा हातात घ्या, बांधावर त्या पायात टिकत नाहीत. काशीनं खेकड्यांचं कालवण आणि भाकरी वाढली. संध्याकाळी परत खेकडे, सकाळी न्याहारीलाही तेच. मी खूश, काशीचा चेहरा मात्र उतरलेला. खाचरं पाहिली तेव्हा कारण कळलं. बांधांची चाळण झाली होती. खेकड्यांनी पोखरलेल्या भोकांतून पाणी खालच्या ओढ्याला पळत होतं. भात पोटरीत आलेलं, कणीस अजून पानांच्या पोटातच. या दिवसांत पायाशी पाणी नसलं तर कणसं पोकळ निघतात, आणि घरचं वर्षाचं खाणं त्यावरच.

काशीचे यजमान, आमचे दाजी, म्हणाले, खेकडे दरवर्षीच असतात, पण यंदा जणू गावजेवणाला आलेत. मी विचारलं, मग एरवी कोण खायचं यांना? दाजी डोकं खाजवू लागले. बांधावर कवचांचा चुरा पडलेला असायचा, तो यंदा दिसला नाही, असं त्यांना आठवलं. काशीनं हातातलं ढेकूळ खाली टाकलं.

"कोल्हं," ती म्हणाली. "आन् शिकाऱ्याला वाट दावाया कोण गेलतं? आपलंच घरधनी."

"कोंबड्या न्यायचं की ते," दाजी पुटपुटले.

"दोन कोंबड्यांपायी अख्खं भात दिलंत व्हय?"

तीन दिवस आम्ही बांध लिंपले. एका खेकड्यानं माझा अंगठा धरला. वयाचा मान ठेवणारी जात नव्हे ती. चौथ्या दिवशी रावसाहेबांची मोटार रस्त्यावर थांबली. दरवर्षी काशीचा आंबेमोहोर त्यांच्याकडे जातो, तो आधीच सांगून ठेवायला आले होते. काशी चिखलाच्या हातांनीच पुढे झाली.

"रावसाहेब, यंदा तांदूळ भिंतीवरच्या कोल्ह्याकडं मागा."

मी सगळा उलगडा केला. ते मोठ्या मनाचे. दुसऱ्याच दिवशी गड्याबरोबर मुंडकं पाठवून दिलं, खेकड्यांना दहशत बसावी म्हणून. दाजींनी ते काठीला बांधून बांधावर उभं केलं. दोन दिवसांत खेकड्यांनी त्या काठीच्याच बुडाशी घर केलं.

खालची खाचरं आम्ही राखली, वरची दोन वाळली. घरी परतल्यापासून मनात एकच येतं: कोल्हा, खेकडा, बांध, भात, सगळे एकाच दावणीला बांधलेले. आपण एक खुंटा उपटला आणि वर त्याला शोभेसाठी भिंतीवर टांगलं. वाट दाखवणारे दाजी आणि मान डोलावणारा मी, आम्हीही त्यातलेच.

काल काशीचा निरोप आला. इंद्रायणीपलीकडून कोल्ह्याची जोडी आलीय आणि दिवेलागणीला एक कोंबडी गेली. दाजी दांडकं घेऊन उठले, तर तिनं दाराला कडी घातली आणि म्हणाली, "बसा गप. पाव्हणं जेवत्यात."

पत्राचं उत्तर पोस्टमन दारात असतानाच लिहायला घे, आणि वहिनींच्या गुडघ्याचं आधी लिही.

तुझा,
आबाकाका