निरोगी माणसाचं रक्त
कुणाच्या तोंडाला बडीशेपेचा वास आला की मला आमच्या इंदूरच्या लॅबमधली ती दुपार आठवते. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रथिन आम्ही तपासत होतो. ते सिगरेटनेही वाढतं, त्यामुळे रुग्णांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी, सिगरेट न पिणाऱ्यांचं रक्त हवं होतं, म्हणून आमच्या मॅडमचे मिस्टर बडीशेप चघळत, मोठ्या तोऱ्यात बाही वर करून बसले. “छोड़े हुए सालों हो गए, भिया,” मला म्हणाले. प्रथिन जास्त असेल तर टेस्टच्या प्लेटमध्ये नमुना पिवळा होतो. बाकीचे निरोगी नमुने फिके राहिले, यांचा तेवढा पिवळा झाला. मॅडमनी टेस्ट पुन्हा लावली, तर पुन्हा पिवळा. मग मिस्टरांना बोलावून त्या शांतपणे म्हणाल्या, “एक तर तुमच्या फुफ्फुसात गाठ असेल, नाही तर तुम्ही चोरून सिगरेट पीत असाल. खरं काय ते सांगा.” मिस्टर हळूच म्हणाले, “मतलब, तू कशावर कमी चिडशील?” मॅडमनी तरीही त्यांचा सीटी स्कॅन करवला, तो स्वच्छ निघाला. हल्ली निरोगी म्हणून कुणी हात पुढे केला, की सुई टोचण्याआधी मी एवढंच विचारतो, बडीशेप खाता का.