धावपट्टीजवळची माझी जागा

मी विमान शिकवण्याच्या शाळेत कामाला आहे असं सांगितलं की आमच्या वस्तीतल्या बायका हसतात. खरं तर मी तिथे कुत्री हाकलते. यवतमाळपासून थोड्या अंतरावर धावपट्टी आहे. तिच्यावर कुत्री, शेळ्या आणि कधीमधी रोही, म्हणजे नीलगायी, येतात. विमान उतरताना पट्टीवर जनावर नको, म्हणून सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत मी काठी घेऊन कडेला, नालीच्या अलीकडे एका दगडावर बसते. कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला आवडलं.

बोलायला मी फार भिते. किराणा दुकानात गर्दी असली तर साखर न घेताच परत येते. चौथीत गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं होतं. तेव्हा जी खाली बसले, ती त्या शाळेत पुन्हा उभी राहिलेच नाही.

कामात एकच गोष्ट जड गेली. शाळेच्या साहेबांनी अंगावर घालायला केशरी जाकीट दिलं. त्यावर चमकत्या पट्ट्या. माझ्या लग्नातही मी एवढी भडक दिसले नव्हते. पहिले आठ दिवस मी ते घडी करून मांडीवर ठेवत होते. मग साहेब रागावले, तेव्हा घातलं. इथे माळावर मला कोण बघतं, असं स्वतःला समजावलं.

शिकवणारे दोन सर आहेत. थोरले सर आमच्याच भागातले, केस पांढरे, आवाज मोठा. धाकटे सर पुण्याकडचे, गळ्यात नेहमी काळा चष्मा लोंबकळत असतो. विमान खाली कसं उतरवावं यावर दोघांचं कधीच जमलं नाही. चहाच्या वेळी ते माझ्या बाभळीखाली येऊन भांडत, कारण जवळपास सावली तेवढीच होती.

"वेगाचा काटा पाहा," थोरले सर म्हणायचे. "काटा जाग्यावर असला का विमान म्हशीसारखं आपसूक बसते."

"सर, काट्याला काय कळतंय? एक माणूस बसला तर वेग वेगळा, दोघं बसले तर वेगळा. पंख वाऱ्याला किती तिरका भिडतोय ते बघायला हवं. अँगल ऑफ अटॅक!"

"चाळीस वर्षं काट्यावर उतरलो. जिता आहो ना मी?"

"तुम्ही आहात हो. चाकांना विचारा."

एकदा धाकट्या सरांनी माझ्या डब्याचं झाकण मागितलं. वारा चांगला होता. झाकण आडवं धरून ते म्हणाले, "हा पंख. समोरची कड जरा वर केली की बघा, वारा हात उचलतो. अजून वर केली, अजून उचलतो. पण फारच वर केली तर..." झाकण थरथरलं, हातातून सुटलं आणि नालीत गेलं. "बघा! पंखानं हवा सोडली. विमान पडलं!" त्यांना फार आनंद झाला. तेवढ्यात पट्टीवरचं तांबडं कुत्रं उघड्या डब्यातली भाकर घेऊन पसार झालं.

"तुमच्या कोनापायी बाईची भाकर गेली," थोरले सर म्हणाले. "माह्या काट्यानं आजवर कोणाची भाकर गेली नाही."

मी नालीतून झाकण काढून आणलं. तक्रार कोणाकडे करणार? कुत्रं हाकलायचं काम माझंच होतं.

शिकणाऱ्यांत दारव्ह्याची एक मुलगी होती. वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान. ती रोज माझ्याजवळ येऊन बसायची आणि दोघींच्या वाटचं एकटीच बोलायची. एका तासाच्या उडण्याला किती पैसे पडतात ते तिने सांगितलं, तेव्हा मी हातातला गडू खाली ठेवला. तेवढ्या पैशांत आमच्या घरी वर्षाचे गहू, तेल आणि वर एक शेळी आली असती.

"बाबा म्हणते, हा महिना पाह्यतो," ती म्हणाली. "महिन्याच्या आत सर बाजूला न बसता एकटीनं विमान उडवलं तर पुढचे पैसे. नाहीतर दुकानात येऊन बस म्हणे, मोजून दे सरकीचे पुडे."

तोपर्यंत ती छान उतरत होती. चाकं टेकली की एकच आवाज यायचा, धप्प. मला डोळे मिटूनही कळायचं. एकटीनं उडण्याचा दिवस अगदी जवळ आला होता.

त्याच आठवड्यात विजेच्या तारेला लागतात म्हणून लाइनवाल्यांनी बाभळीच्या फांद्या छाटल्या. ऊन थेट डोक्यावर आलं. मी दगड ढकलत पट्टीच्या कडेनेच पन्नासेक पावलं पुढे, लिंबाखाली नेला. तिथली सावली दाट. सरांनाही ती आवडली. "हे चांगलं केलं बाई तुम्ही," थोरले सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून विमानं आपटू लागली. धप्प, धप्प, धप्प. दारव्ह्याची मुलगी तीन उड्या मारायची, तिच्यासोबतची दोन मुलं चार. आठवडाभर हेच. लिंबाखाली सरांचं भांडण इतकं वाढलं की चहा कपातच निवायचा.

"तुम्ही पोरांच्या डोक्यात कोन घातला. आता ते ना काटा पाहत, ना पट्टी."

"उलट, काट्यावरच बसलेत सगळे! कोन दाखवणारं यंत्र आपण बसवलं असतं तर ही वेळ आली नसती."

"त्या खेळण्याचे पैसे कोणाच्या बिलात टाकता? पोराईच्याच ना?"

इकडे मुलीचे पैशाचे तास उड्या मारण्यात चालले होते. एक दिवस ती माझ्याजवळ येऊन धपकन बसली. डोळे लाल.

"मावशी, मी तर सारं तसंच करून राह्यली. काटा पाह्यतो, कोन पाह्यतो, अन् तुमचं जाकीट खिडकीत आलं का टेकायसाठी विमानाचं नाक उचलतो. मंग काहून आपटते?"

मी अंगावरच्या जाकिटाकडे बघितलं. "माहं जाकीट?"

"हाव. वरून साऱ्यात आधी तेच दिसते ना. आम्ही तिघंही तुमच्यावरच नाक उचलतो. सरले नका सांगू हं."

म्हणजे वर्षभर मी लाजून जे जाकीट घालत होते, ते आकाशातून सगळे टक लावून बघत होते. आणि मी पन्नास पावलं पुढे सरकले, म्हणून हे सगळे पन्नास पावलं उशिरा नाक उचलत होते. तोवर जमीन येऊन लागायची. माझ्या सावलीपायी तिच्या किती शेळ्या गेल्या याचा हिशेब मी मनात केला आणि अर्ध्यात सोडला.

सांगायला हवं होतं. तोंड उघडेना. न विचारता जागा बदलली म्हणून काम गेलं तर, ही भीतीही होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन मी दगड पुन्हा बाभळीच्या खोडाशी ढकलत नेला आणि डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसले.

पहिलं विमान आलं. धप्प. दुसरं, तेही एकच धप्प.

"काल मी काट्यावर तासभर बोललो, त्याचा गुण!" थोरले सर ओरडले.

"मी कोन फळ्यावर काढून दाखवला, त्याचा!" धाकटे सर म्हणाले.

मला हसू आलं. पदर तोंडाशी होता म्हणून निभावलं.

पण मुलगी खुशीत येऊन म्हणाली, "आता एकटीनं उडाली ना मावशी, का मंग मले दुसऱ्या गावच्या पट्टीवर पाठवतीन." ते ऐकून माझं हसू गेलं. त्या गावच्या पट्टीवर जाकीट घालून कोण बसणार होतं?

दोन दिवस मी तांबड्या कुत्र्यासमोर बोलण्याचा सराव केला. ते भाकर मिळेपर्यंत सगळं ऐकून घ्यायचं. तिसऱ्या दिवशी मुलीला म्हटलं, "माय, विमान नाही चुकलं. मी सरकली होती." मग बाभळीपासून लिंबापर्यंत बोट दाखवलं. यापेक्षा जास्त बोलता आलं नाही.

तिने एकदा बाभळीकडे, एकदा लिंबाकडे बघितलं. मग इतकी हसली की तिला ठसका लागला. "अवं माय! दोन सर भांडून मरून राह्यले अन् चूक दगडाची!" हसता हसता थांबली आणि म्हणाली, "मावशी, आता रोज वेगळ्या जाग्यावर बसा. अन् ज्या दिवशी मी एकटी उडीन, त्या दिवशी दिसूच नका."

महिना संपायला आठ दिवस होते. मी रोज जागा बदलली. पहिले तीन दिवस ती आपटली. चौथ्या दिवशी कमी. मग आवाज एकावर आला, मी कुठेही बसले तरी.

ती एकटी उडाली त्या सकाळी मी पट्टी दोन्ही बाजूंनी फिरून बघितली, सगळी जनावरं पांगवली. मग पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. तांबडं कुत्रं बिनभरवशाचं, म्हणून त्याला सोबत घेतलं, गळ्यात दोरी घातली आणि सगळी भाकर पुढे ठेवली. दारव्ह्याहून तिचे वडील आले होते. टाकीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू येत होता.

विमान वर गेलं, लांबून वळलं, परत येऊ लागलं. आवाज खाली आला. इतक्या महिन्यांत जे उतरणं मला सगळ्यात जास्त बघायचं होतं, त्याच्याकडे पाठ करून मी कुत्र्याची मान धरून बसले होते.

धप्प.

मी दुसऱ्याची वाट बघितली. कुत्र्यानेही कान उभे केले. दुसरा आलाच नाही.

कुत्र्याला घेऊन बाहेर आले तर टाळ्या चालल्या होत्या. वडील डोळे पुसत होते. दोन्ही सर तावातावाने माझ्याकडे आले.

"बाई, तुम्ही सांगा," थोरले सर म्हणाले. "सरळ काट्यावर आली का नाही?"

"मावशी, नाक बरोबर कोनात होतं की नाही?" धाकटे सर म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घाबरले, पण उत्तर सोपं होतं.

"मी नाही पाह्यलं," मी म्हटलं.

"नाही पाह्यलं?" थोरल्या सरांनी कपाळावर हात मारला. "अवं बाई, तुमाले इथं पाह्यालेच ठेवलं आहे ना!"

विमानातून उतरून धावत येणाऱ्या मुलीने ते ऐकलं आणि ती पट्टीवरच हसत खाली बसली.