गादी कुणी झोपून बघायची

गादी माझ्यासाठी घ्यायची होती, आणि दुकानात ती झोपून बघितली माझ्या नवऱ्याने आणि थोरल्या दिरांनी. या गोष्टीला वीसेक वर्षं होत आली, तरी सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

मी ब्लाउज शिवते. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी पायमशीन घेतली आणि तेव्हापासून मान खाली, पाठ वाकलेली, पाय चालू. लग्नसराईत तर जेवणसुद्धा मशीनच्या फळीवर ताट ठेवून व्हायचं. नव्वद सालानंतर केव्हातरी पाठ बोलायला लागली. आधी संध्याकाळी दुखायची, मग दुपारी, आणि नंतर अशी वेळ आली की सकाळी अंथरुणातून उठून मोरीपर्यंत जायला मला भिंत धरावी लागे.

अंथरूण म्हणजे माहेरहून आलेली कापसाची गादी. गल्लीत दर वर्षी एक पिंजारीचाचा यायचे. दारात गादी उसवून कापूस पिंजून द्यायचे, की गादी पुन्हा पुरीसारखी फुगायची. ते थकले, त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले आणि आमच्या गादीत कापसाचे गोळे झाले. तेव्हा नवऱ्याला कुणीतरी कंपनीत सांगितलं की पाठदुखीला कडक अंथरूण चांगलं. ते कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर होते आणि कंपनीत ऐकलेली गोष्ट त्यांना ब्रह्मवाक्य. दुसऱ्या दिवशी घरात प्लायवूडची फळी आली आणि तिच्यावर काथ्याची पातळ गादी. त्या फळीवर मी चार वर्षं काढली. दुखतंय म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "सवय व्हायला येळ लागतो. आई बघ, जन्मभर जमिनीवर झोपली. तिला काय झालंय?"

शेवटी एक दिवस मी मशीनवरून उठूच शकले नाही. ब्लाउज न्यायला आलेल्या बाईने मला काखेत हात घालून उठवलं. मग आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झोपता कशावर?"

"फळीवर," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघितलं.

डॉक्टर म्हणाले, "फळी नको आणि रुतणारी गादीही नको. खांदा आणि कंबर जिथं जड आहे तिथं आत जाईल आणि मधल्या भागाला आधार देईल अशी गादी घ्या. दुकानात जा, कुशीवर आडव्या व्हा, दहा मिनिटं तशाच पडून राहा. ज्याची पाठ त्यानंच ठरवायचं." हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. नवरा शेजारीच बसला होता आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

पुढच्या रविवारी आम्ही राजारामपुरीतल्या एका नव्या शोरूममध्ये गेलो. बरोबर थोरले दीर. त्यांना कशाला बोलावलं, तर त्यांनी नुकतंच घर बांधलं होतं, म्हणून त्यांना सगळ्या वस्तूंमधलं कळतं असा आमच्या घरात समज होता. दुकानाला रस्त्याच्या बाजूने अख्खी काच, आणि काचेच्या आत ओळीने गाद्या मांडलेल्या. सेल्समन टाय लावलेला. त्याने माझ्याकडे एकदाही न बघता दोघांना विचारलं, "कुणासाठी घ्यायचीय, साहेब?"

"मिसेससाठी," नवरा म्हणाला. "पाठ दुखती तिची."

"मग या साहेब, झोपून बघा."

आणि ते झोपले! बूट काढून दोघेही लांब झाले. थोरले दीर पोटावर हात ठेवून पडले आणि गादीवर वरखाली होऊन बघू लागले. वजन असेल शंभर किलोच्या आसपास. माझं त्यांच्या निम्मं. त्यांच्याखाली जी गादी बरोबर बसेल ती माझ्याखाली दगड व्हायची, एवढं कळायला घर बांधावं लागत नाही.

मला मात्र कोपऱ्यातली एक गादी दिसली होती. तिच्याजवळ आतला भाग दाखवायला कापलेला एक तुकडा ठेवला होता. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत बसवलेली, आणि अशा पिशव्या एकीला एक चिकटून उभ्या. मी सवयीने शिवण शोधली, तर शिवण नव्हतीच, कापड उष्णतेने जोडलेलं होतं. एक पिशवी बोटाने दाबली, तेवढीच खाली गेली, शेजारची जागची हलली नाही. वर लोकरीचा जाड थर, आणि लोकर सरकू नये म्हणून आरपार टाके, आपल्या कापसाच्या गादीला घालतात तसेच. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते या गादीत आहे असं मला वाटलं. मी चपला काढल्या आणि गादीच्या कडेला बसले.

सेल्समन लगबगीने आला. "वहिनी, तुम्ही हातानं दाबून बघा ना."

मी नवऱ्याकडे बघितलं. ते दबक्या आवाजात म्हणाले, "ऊठ. रस्त्यावरनं लोकं बघायल्यात. आणि दादा हायत हितं."

थोरल्या दिरांसमोर मी कधी खुर्चीवर बसले नव्हते, आडवी कशी होणार? हे मलाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त संताप आला. दादांना आणलं कुणी? मी उठले. हाताने दाबून बघितली. कणीक मळून झाली का बघतात तशी.

"लोकरीची आहे, पॉकेट स्प्रिंग," सेल्समन दिरांना सांगत होता.

"लोकर? कोल्हापुरात? उन्हाळ्यात भाजून निघंल की ती," थोरले दीर म्हणाले. नवरा हसला. सेल्समनही हसला. ज्याला ती गादी विकायची होती तोसुद्धा!

त्यांनी दुसरी पसंत केली. जाड, चकचकीत कापडाची, आत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींत गुंतवलेल्या. मला तीही हातानेच दाबून बघायला लावली. ती घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिचं लक्षण दिसलं. एक हलला की दुसरा हलायचा. नवरा शिफ्टवरून येऊन टेकला की मी उताराला लागल्यासारखी त्यांच्याकडे घसरायची, आणि घसरू नये म्हणून झोपेतही कड धरून ठेवायची. तीन महिन्यांत पाठीचं दुखणं पायात उतरलं. एक दिवस सकाळी भिंत धरून चालताना मी म्हणाले, "ही गादी मला चालत नाही."

ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "तूच दाबून बघितलीस की."

मी आयुष्यात खूप काही ऐकून घेतलंय. पण हे नाही ऐकून घेतलं. मी म्हणाले, "मला झोपू दिलं नाहीत तुम्ही! दोघं पुरुष झोपलात आणि मला उठवलंत! तुमची पाठ होती का ती?"

"ओरडू नको. आई ऐकती."

"ऐकू दे."

सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या. मी त्यांना आत्ती म्हणे. त्यांचं माहेर निपाणीच्या पलीकडचं, तिकडे सासूला आत्तीच म्हणतात. घरात मराठी बोलायच्या, चिडल्या की कानडीत. नवऱ्याने त्यांच्याकडे बोट केलं. "आई बघ. जमिनीवर..."

"मला काय झालंय ते कवा ईचारलंस रं?"

आत्ती दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून. "तीस वर्सं झाली, कंबर मोडून आल्या. तुझा बा हुता तवा बी कुणी ईचारलं न्हाय, आता तू बी न्हाय. जमिनीवर झोपती, जमिनीवर झोपती! खाट दिली हुती का कुणी मला?"

नवऱ्याचा चेहरा अर्धा साबणाने पांढरा होता. आत्तींना मीही कधी विचारलं नव्हतं. वीस वर्षं त्यांचं अंथरूण मीच जमिनीवर घालत होते.

त्याच दिवशी दुपारी आम्ही दोघी रिक्षाने त्या दुकानात गेलो. तोच सेल्समन, तोच टाय. लोकरीची गादी अजून कोपऱ्यातच होती. आत्तींनी कापलेल्या तुकड्यातली लोकर चिमटीत धरली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. त्यांच्या वडिलांकडे मेंढरं होती. "लोकर खरी हाय," त्या मला म्हणाल्या. "लई धुतल्या, पर खरी हाय."

"उन्हाळ्यात गरम होते म्हणतात," मी म्हणाले.

"कोण म्हणतंय? मेंढरं वर्सभर उनात हिंडत्यात, ती काय भाजून मरत्यात? घाम शोषून घेती लोकर."

तेवढ्यात सेल्समन जवळ आला. "आजी, हातानं दाबून बघा."

"दाबून भाकरी बघत्यात, पावणं. ह्याच्यावर झोपायचं हाय न्हवं? मग झोपूनच बघतो की मी." आणि आत्तींनी लुगडं सावरलं आणि भर दुपारी, काचेच्या आत, रस्त्याकडे तोंड करून आडव्या झाल्या.

"आजी, बाहेरून लोक बघतात..."

"बघू देत. म्हातारी झोपल्याली कुणी बघितली न्हाय व्हय?" मग मला म्हणाल्या, "तू का हुबी? पड."

मी पडले. पदर पायावर ओढून घेतला आणि डॉक्टरांनी सांगितलं तशी कुशीवर झाले. खांदा आत गेला, कंबर आत गेली, आणि मधल्या रिकाम्या जागेत कुणीतरी खालून हात घालावा तसा आधार मिळाला. मला रडू आलं. दुखणं थांबलं म्हणून नव्हे, ते थांबलं नव्हतंच. पण इतकी वर्षं माझं अंग कुठे दुखतं हे पहिल्यांदा कुणालातरी समजलं होतं, आणि तो समजणारा कुणी माणूस नव्हता याचा राग आला. शेजारी आत्तींचा श्वास संथ लागला होता. त्या खरंच झोपल्या होत्या.

सेल्समन आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालक हात चोळत म्हणाले, "ताई, वस्तू महाग आहे. साहेबांना घेऊन या एकदा, मग फायनल करू."

मी उठून बसले. "साहेब येऊन गेलेत. त्यांनी झोपून बघितली, ती गादी माझ्या घरात आहे आणि मी भिंत धरून चालते. आता कुणाला आणू? पैसे माझे आहेत, शिलाईचे. पाठ माझी आहे. तुम्हाला विकायची नसेल तर तसं सांगा."

मालकांनी सेल्समनला वही आणायला सांगितलं. सेल्समनने आत्तींना उठवायला हात पुढे केला, तेव्हा मीच म्हणाले, "झोपू दे त्यांना. तुम्ही लिहा तोवर."

गादी आली तेव्हा नवऱ्याने दोन दिवस अबोला धरला. जुनी गादी दुकान परत घेईना, म्हणून मी ती थोरल्या दिरांकडे पाठवून दिली. त्यांच्याच पसंतीची होती. त्यांनी ती पाहुण्यांच्या खोलीत टाकली. स्वतः एक रात्रही तिच्यावर झोपले नाहीत. मी जाऊबाईंना मुद्दाम विचारलं होतं.

माझी पाठ काही पूर्ण बरी झाली नाही. कुठलीही गादी वीस वर्षांची मशीन पुसून टाकत नाही. पण वर्षभरात मी भिंत सोडून मोरीपर्यंत जाऊ लागले. दुपारी मी मशीनवर असायची तेव्हा पलंगावर आत्ती असायच्या. पहिल्यांदा नको नको म्हणत, कडेकडेला. मग मधोमध. आणि लोकर उन्हाळ्यात भाजत नाही, हेही मी सांगून ठेवते, एप्रिलमध्ये अंगण तव्यासारखं तापवणाऱ्या उन्हाच्या गावात राहून सांगते.

दोन-तीन वर्षांनी नवऱ्याच्या कंपनीतली दोन माणसं घरी आली. एकाची कंबर धरलेली. बाहेरच्या खोलीतून मला नवऱ्याचा आवाज ऐकू आला, "आम्ही बरीच चौकशी करून पॉकेट स्प्रिंगची घेतली, वर लोकर. लोकर घाम शोषती, माहीत हाय काय? सगळी दुकानं बघितली आम्ही."

मी मशीन थांबवली. "आम्ही न्हाय," मी आतूनच मोठ्याने म्हणाले. "मी आणि आत्तींनी. ह्यांनी हसून नको म्हटलेली."

आत्ती पलंगावरून खुदकन हसल्या. मग नवऱ्याचा आवाज आला, "चहा टाक जरा."

"दूध संपलंय," मी म्हणाले. फ्रीजमध्ये पातेलंभर दूध होतं. ते गुपचूप चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. ते गेल्यावर मी बाहेर आले आणि कंबर धरलेल्या त्या पाहुण्याला म्हणाले, "भाऊ, दुकानात जाताना घरच्या मालकिणीला घेऊन जा. तिचं काय दुखतंय ते कुणी विचारलं नसेल. आणि दोघंही झोपून बघा. आधी ती."