टोपलीतला पाव, आगटीतला हुरडा

राग मी विसरत नाही. आमच्या घरात लोणचं आणि माझा राग, दोन्ही मुरल्याशिवाय ताटात येत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी माझी समजूत घालायला नको.

मुलीच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात आमचे व्याही म्हणाले, चौघं मिळून परदेश बघून येऊ. व्याही पुण्याचे, आधी चार वेळा बाहेर जाऊन आलेले. आम्ही तेरच्या बाजूला ज्वारी करणारी माणसं, विमान बघितलेलं ते डोक्यावरून जाताना. आमच्या ह्यांना भारी हौस. मुलीचे सासरे बरोबर आहेत, मग काळजी कशाची, असं म्हणून त्यांनी नवे बूटसुद्धा घेतले.

इटलीत एका दुपारी आम्ही चौघं एका हॉटेलात जेवायला बसलो. बसल्या बसल्या वेटरनं पावाची टोपली आणून ठेवली, शेजारी तेलाची वाटी. आता आपल्याकडं हॉटेलात बसलं की कांदा, लिंबू, शेंगदाण्याची चटणी आपोआप येते. तिचे पैसे पडत नाहीत, आणि संपली तर अजून मागायला कुणी लाजत नाही. ह्यांनी त्याच चालीनं पाव खाल्ला. तेलात बुडवून, वर मीठ टाकून, मोठ्या आवडीनं खाल्ला आणि रिकामी टोपली वर धरून वेटरला खूण केली. दुसरी आली. मग तिसरी. लई मायाळू माणसं हायत, असं हे माझ्या कानात म्हणाले. व्याही समोर बसून गालातल्या गालात हसत होते. स्वतः पावाला हात लावत नव्हते. मला वाटलं, पथ्य असेल.

मग बिल आलं. नुसतं बसायचे माणशी पैसे. पावाच्या प्रत्येक टोपलीचे पैसे. पाण्याचेही पैसे. ह्यांचा हात सवयीनं खिशात गेला, कारण बरोबरच्या माणसानं बिल दिलं तर ह्यांना अन्न पचत नाही. व्याह्यांनी तो हात धरला. मला वाटलं, तेच देतायत. तर म्हणाले, इथं ज्याचं त्यानं द्यायचं असतं, आणि पाव तर तुमचा एकट्याचा. मोबाइलवर वाटणी केली आणि वर शिकवणी सुरू केली. इथं टॅक्स भावातच धरलेला असतो, आपल्यासारखा खाली वेगळा दिसत नाही. कॉफी उभ्यानं प्यायली तर एक भाव, खुर्चीवर बसून प्यायली तर दुसरा. आणि पाणी नेहमी आपलं आपण बाटलीतून न्यावं.

मी विचारलं, हे सगळं तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?

"अहो, पाचव्यांदा येतोय मी," ते हसत म्हणाले. "म्हटलं, बघू तरी किती खातात."

ते वाक्य मी तिथंच बरणीत घातलं आणि झाकण लावलं.

संध्याकाळी बसमध्ये गाइडचा माईक घेऊन त्यांनी तो किस्सा सगळ्यांना ऐकवला. बस हसली. विहीणबाई डोळे पुसत पुसत हसल्या. हेसुद्धा हसले, मुलीकडचा माणूस दुसरं काय करणार? मी खिडकीबाहेर बघत बसले. मनात काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवसापासून ह्यांचं पोटभर जेवण गेलं. आधी वाटलं, परक्या मुलखाचं अन्न सोसत नसेल. पण घरी आल्यावरही तेच. तीन भाकरी आमटीत चुरून खाणारा माणूस, दीड भाकरीवर उठायला लागला. मी दुसरी वाढायला गेले की आधी इकडंतिकडं बघायचे आणि बास म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी जवळ येण्याआधीच ह्यांचा हात ताटावर आडवा. धाराशिवला नेऊन तपासण्या केल्या, काही निघालं नाही. निघणार कुठून? दुखणं तिकडं पुण्यात चारी ठाव जेवत होतं.

हिवाळ्यात व्याह्यांचा फोन आला. कधी शेतावरचा हुरडा खाल्ला नाही, यायचं म्हणतोय. मी इतक्या गोड आवाजात या म्हणाले की तिकडं ऐकणाऱ्या मुलीलाच संशय आला.

आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं की हुरड्यावर पाणी प्यायचं नाही, ताक प्यायचं. पाणी पोटात गेलं की हुरडा फुगतो आणि माणसाला धड बसवत नाही, धड उठवत नाही. ते दोघं यायच्या दिवशी ताक मी सकाळीच केलं होतं. चरवी ओल्या फडक्यात गुंडाळून लिंबाच्या बुंध्यामागं ठेवून दिली. मग आगटी पेटवली आणि ह्यांना अजून कणसं आणायला शेताच्या पार खालच्या पट्टीत पाठवलं.

हुरडा मऊ होता, दुधाळ. मी गरम कणसं हातावर चोळत होते आणि व्याही खात होते, चटणीशी, गुळाशी, मुठीवर मूठ. विहीणबाईंचं मोजकंच चाललं होतं. मी आग्रहाला कमी पडले नाही. थोड्या वेळानं व्याह्यांनी पिशवीतून बाटली काढली. कुठंही गेलो तरी पाणी आपलं, म्हणाले, आणि घटाघटा प्यायले. या खेपेला गालात हसायची पाळी माझी होती. मी अजून एक मूठ पुढं केली.

आधी त्यांनी पट्टा सैल केला. मग बोलणं थांबलं. मग सतरंजीवर एका कुशीला कलंडले आणि बरं वाटावं म्हणून परत बाटली तोंडाला लावणार, तेवढ्यात हे कणसं घेऊन आले. बघितलं, कणसं खाली टाकली आणि बाटली धरली.

"इवाई, हुरड्यावर पानी पिऊ नका. पोट फुगतंय," हे म्हणाले. मग माझ्याकडं वळून विचारलं, "ताक कुठंय?"

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. "वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं?"

उन्हाळ्यापासून मुरवलेलं उत्तर होतं. सावकाश वाढलं.

"व्हय. म्हटलं, बघू तरी किती पितात."

व्याह्यांना कळलं. चेहरा उतरला, नजर आमच्या ह्यांच्याकडं गेली आणि खाली आली. ह्यांनी बुंध्यामागून चरवी शोधून आणली, पेल्यात ताक ओतलं, मीठ टाकलं आणि त्यांच्या हातात दिलं. व्याही पेला नुसता धरून बसले.

"तिथं मी बोलायला हवं होतं," ते म्हणाले.

"आधी प्या," हे म्हणाले.

मला ह्यांचा असा राग आला! इतक्या महिन्यांचं लोणचं, आणि ह्यांनी एका पेल्यात धुऊन टाकलं. मी पाठ फिरवून चुलीवर भाकरी टाकायला घेतल्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"झाली का गं भाकरी? आन. चटनीबी आन."

ह्यांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली. इकडंतिकडं कुठं बघितलं नाही. मग तोंडात घास असतानाच तिसरीसाठी हात पुढं केला. मी तव्यावरची तशीच गरम त्या हातावर ठेवली आणि धुराचं निमित्त करून पदर डोळ्याला लावला.

निघताना व्याही पुढच्या हिवाळ्यात परत येतो म्हणाले. ह्यांनी त्यांना कधीच माफ करून टाकलंय. मी म्हणाले, या. ताक समोरच ठेवीन, पण मागितल्याशिवाय मी द्यायची नाही.